बाहेर बघणारी कुत्री

टोर्किल विदबेर्ग हा माणूस तसा निरुपद्रवी. आयुष्यभर त्याने वायले शहरात चष्म्याचं दुकान चालवलं. "हे दिसतंय? आणि आता?" एवढ्या दोन प्रश्नांवर त्याचा संसार झाला. निवृत्त झाल्यावर त्याने फानो बेटाच्या टोकाला, सोनरहो गावात, गवती छपराचं एक बुटकं घर घेतलं. इथवर कुणाची काही हरकत नव्हती. पण घर घेतल्यावर त्याला ते सजवायची हुक्की आली. साधं सजवायचं असतं तर ठीक होतं. त्याला ते कप्तानाच्या घरासारखं सजवायचं होतं.

विदबेर्ग घराण्यात आजवर कुणीही कप्तान झालेलं नव्हतं. खुद्द टोर्किलला एस्बियर्गहून बेटावर येणाऱ्या फेरीबोटीत मळमळायचं, आणि ती बोट धक्का सोडते न सोडते तोच दुसऱ्या धक्क्याला लागते. घराण्याची ठेव म्हणून त्याच्याकडे काय होतं, तर आजोबांची एक चपटी लाकडी पेटी. आजोबा ज्यांचे डोळे गेलेत त्यांना काचेचे डोळे बसवून देत. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये निळे, करडे, घारे, असे ओळीने डोळे मांडलेले होते. झाकण उघडलं की सगळे एकदम तुमच्याकडे बघत.

"ही पेटी बैठकीच्या खोलीत आली, की मी वायलेला परत गेले म्हणून समज," असं त्याची बायको लिस्बेत हिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"अगं, पण घराण्याचं काहीतरी मांडायला नको?"

"घराण्याचं नको. चमचे मांड."

मग टोर्किल दुसऱ्यांची घराणी विकत आणू लागला. जुन्या बाजारातून त्याने एक पितळी होकायंत्र आणलं, ते कायम स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचं. एक बाटलीतलं जहाज आणलं, त्याची डोलकाठी आतल्या आत आडवी झाली होती. एका दाढीवाल्या करारी गृहस्थाची तसबीर आणून त्याने ती शेकोटीवर टांगली, आणि कुणी विचारलं तर "आमच्या बाजूचे" असं मोघम म्हणू लागला. शेजारच्या गुड्रुनबाई पहिल्यांदा कॉफीला आल्या तेव्हा त्या तसबिरीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. "हे तर आमचे गुरांचे डॉक्टर! आमच्या वडिलांच्या गाईला यांनीच मारलं," त्या म्हणाल्या. टोर्किलने तसबीर न्हाणीघरात हलवली.

या सगळ्या खटाटोपामागचं खरं कारण साधं होतं आणि ते बोलून दाखवायची त्याला लाज वाटे. त्याला गावाने आपलं म्हणायला हवं होतं. सोनरहोत ज्याची आजी इथे जन्मली नाही तो नवीन. एक सुतार तरुणपणी इथे आला, म्हातारा झाला, इथल्याच दफनभूमीत पुरला गेला, आणि अजून त्याचा उल्लेख "तो नवीन सुतार" असा होतो. टोर्किलला वाटे, आपलं घर तरी जुनं दिसू दे. घराला मानलं तर घराबरोबर आपल्यालाही मानतील.

घर होतं मारेन ईवरसन नावाच्या नव्वदीच्या बाईंचं. त्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्डबीच्या वृद्धाश्रमात गेल्या होत्या, आणि विक्रीचं सगळं त्यांच्या पुतण्याने पाहिलं होतं. टोर्किलने मारेनबाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. घराबरोबर त्याला मिळाला दाराजवळचा एक वाकडा खिळा, जो कशानेही निघत नव्हता आणि ज्यात त्याची बाही दर दिवसाआड अडकायची.

वसंतात गावच्या सभागृहात जुन्या वस्तूंचा बाजार भरला. तिथे एका खोक्यात, कपबशांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चिनीमातीची दोन कुत्री त्याला सापडली. पांढरी, तपकिरी कानांची, गळ्यात सोनेरी साखळी, एक डावं आणि एक उजवं. टोर्किल हरखला. खऱ्या दर्यावर्दी घराच्या खिडकीत अशी जोडी असतेच. धनी दर्यावर गेला की बायको कुत्र्यांची तोंडं बाहेर करते, तो परतला की आत. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि आता टोर्किललाही माहीत होतं. त्याने घासाघीसही केली नाही.

घरी येऊन त्याने रस्त्याकडच्या खिडकीच्या रुंद ओकच्या फळीवर कुत्री ठेवली, आणि तिथे पहिली गंमत झाली. फळीच्या रंगात दोन फिकट लांबोडके ठसे होते. घर घेतल्यापासून ते तिथे होते, पाण्याच्या भांड्यांचे असतील असं त्याला वाटायचं. कुत्री त्या ठशांवर तंतोतंत बसली.

"बघ! जणू यांच्यासाठीच केलेत," तो लिस्बेतला म्हणाला.

लिस्बेतने बघितलं. तिला ते फारसं आवडलं नाही, पण डोळ्यांच्या पेटीपेक्षा बरं म्हणून तिने चालवून घेतलं.

तोंडं अर्थातच आत. कप्तान घरी आहे हे गावाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोर्किल बाहेर आला तर कुत्री रस्त्याकडे बघत होती.

"लिस्बेत, कुत्री तू फिरवलीस?"

"एकदा फिरवली. रात्री जेवताना सारखी माझ्या ताटात बघत होती."

टोर्किलने तिला रूढी समजावून सांगितली, कुत्री आत वळवली आणि प्रकरण मिटलं असं त्याला वाटलं. दुपारी कुत्री पुन्हा बाहेर. लिस्बेत तेव्हा दुकानात गेली होती.

पुढच्या दिवसांत बेटावर धुकं उतरलं. फानोचं धुकं एकदा बसलं की उठत नाही. समोरचं घर दिसेना, पलीकडच्या दलदलीतल्या पक्ष्यांचे नुसते आवाज येत. आणि खिडकीतली कुत्री रोज कधीतरी, कुणी बघत नसताना, बाहेर तोंड करून बसत. टोर्किल ती आत वळवी. चहा करून येईतो ती बाहेर. एकदा तो दुपारभर समोर खुर्ची टाकून पहारा देत बसला. कुत्री जागची हलली नाहीत. त्याला जेमतेम एक डुलकी लागली, घोरणंसुद्धा नीट सुरू झालं नव्हतं, तेवढ्यात त्यांनी कार्यभाग उरकला.

त्याने फळीवर पीठ पसरलं. सकाळी कुत्री बाहेर बघत होती आणि पीठ जसंच्या तसं होतं, त्यावर बोटाचाही ठसा नव्हता.

"राय धान्याचं पीठ होतं ते, पावासाठी ठेवलेलं," लिस्बेत म्हणाली. तिला भुताखेतांपेक्षा नासाडीचा राग जास्त. पण त्या दिवसापासून जेवताना ती खिडकीकडे पाठ करून बसू लागली.

टोर्किलने धंद्याच्या सवयीने त्या कुत्र्यांचे डोळे भिंगाखाली तपासले. काळे ठिपके, वर बारीक भुवई, कुणीतरी घाईत रंगवलेले. तरी त्याला अस्वस्थ वाटलं. समोरच्याकडे बघणारे डोळे आणि समोरच्याच्या पलीकडे बघणारे डोळे यांतला फरक त्याला कळत होता. ही कुत्री त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मागे, लांब कुठेतरी, त्यांची नजर होती. त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

एवढ्यावर भागलं असतं तर त्याने सोसलं असतं. पण गावानेही चमत्कारिक वागायला सुरुवात केली.

पहिला बेकरीवाला. शनिवारी सकाळी टोर्किल आणि लिस्बेत दोघं पाव घ्यायला गेले, तर त्याने लिस्बेतपुढे एकच गोल पाव ठेवला.

"एकच पुरे ना? एकटीला किती लागणार!"

"मी इथे उभा आहे," टोर्किल म्हणाला.

"हो, दिसतंय की," बेकरीवाला प्रेमाने म्हणाला, आणि एकाच पावाची पिशवी बांधून त्याने लिस्बेतच्या हातात दिली. "काही कळलं का त्यांचं?"

मग पोस्टमन. त्याने एक खोकं दारात टोर्किलच्या हातात दिलं आणि सांगितलं, "जड आहे. घरात कुणी पुरुषमाणूस येईल तेव्हा उचलायला सांगा." चर्चमधल्या कॉफीच्या वेळी लिस्बेतला विधवांच्या टेबलावर बसवण्यात आलं, तिच्यापुढे सफरचंदाच्या केकचा मोठा तुकडा आला आणि एकीने तिच्या हातावर हात ठेवून "धीर धर हो" असं म्हटलं. टोर्किलला खुर्ची मिळाली नाही. तो खिडकीशी उभा राहून, खिडकीत कुत्री नसलेली बघून, जरा सुखावला.

कळस केला गुड्रुनबाईंनी. त्या गावच्या जुनी घरं जपणाऱ्या समितीच्या प्रमुख होत्या. सोनरहोत खिडकीच्या चौकटीला रंग द्यायचा तरी समितीला विचारावं लागतं, आणि समिती हिरव्याच्या एकाच छटेला हो म्हणते. टोर्किलने चौकटीच्या रंगासाठी अर्ज केला होता. गुड्रुनबाई पाहणीला आल्या. त्यांनी शिडीवर चढून चौकट पाहिली. शिडी टोर्किलने धरली होती. खाली उतरून त्यांनी कागदावर लिहिलं: गृहस्वामी हजर नाहीत, पाहणी पुढे ढकलली.

"अहो गुड्रुनबाई! शिडी कोणी धरली होती?"

गुड्रुनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या कुत्र्यांकडे पाहिलं, आणि गोंधळल्या. "खरंच की. पण काय आहे, या खिडकीतली कुत्री बाहेर बघतायत म्हणजे... हात आपोआप लिहून गेला बघा."

"ती मी बाहेर केलेली नाहीत!"

"मग बायकोने केली?" गुड्रुनबाईंचा आवाज खाली आला. "तुम्ही घरात असताना? असं करायचं नसतं हो. बोट वाळूच्या दांड्याबाहेर गेली की मगच कुत्री फिरवायची. माणूस घरात असताना फिरवली तर ते त्याला, जा बाबा एकदाचा, म्हटल्यासारखं होतं. असं आमच्या गावात कुणी शत्रूलाही करणार नाही."

"बायकोने नाही. आपोआप फिरतात."

"हं," गुड्रुनबाई म्हणाल्या. यावर त्या हसतील अशी टोर्किलची अपेक्षा होती, आशाही होती. त्या हसल्या नाहीत. "फिरणारच. मारेनची आहेत ती. तुम्हाला माहीत होतं ना? आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम परत आणलीत. तिच्या पुतण्याने तो अख्खा संसार खोक्यात भरून बाजारात देऊन टाकला. तिचा नवरा नीस दर्यावर गेला तो आलाच नाही, तेव्हा मी शाळेत जात होते. तेव्हापासून याच फळीवर बसून ती बाहेर बघतायत. या घरात पुरुष नाही हीच आम्हाला सवय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

टोर्किलने वाईट वाटून घेतलं. आपण घर सजवायला निघालो आणि घरातून वजा झालो, ही गोष्ट कुणाला सांगायचीही सोय नव्हती. संध्याकाळी लिस्बेतने कॉफी मांडली आणि टेबलावर एकच कप ठेवला.

"माझा कप?"

लिस्बेत दचकली. "अरे, तू आहेस होय," ती म्हणाली आणि मग स्वतःच घाबरून त्याच्याकडे बघत राहिली.

गावाचं त्याने मनावर घेतलं नसतं. हे मात्र त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बंदरावरून होड्यांना लावतात तो, दोन नळ्यांतलं मिसळून करायचा गोंद आणला आणि कुत्र्यांची तोंडं आत करून दोन्ही कुत्री फळीला पक्की चिकटवली. गोंद वाळल्यावर त्याने त्यांना हलवून पाहिलं. घर हललं असतं, पण कुत्री हलली नसती.

गुड्रुनबाई धापा टाकत आल्या. "गोंद लावलात? त्या फळीला? ती फळी संरक्षित आहे!"

"कुत्र्यांपासून कोण संरक्षण देणार?"

"फळीचं सोडा." त्या कुत्र्यांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अंगावरची शाल आवळली. "आजवर ही आत बघताना मी कधी पाहिली नाहीत. टोर्किल, तुम्ही कुणाला घरी बोलावलंत, कळतंय का तुम्हाला?"

टोर्किलला ते कळत नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की त्या दिवशी बेकरीवाल्याने न सांगता दोन पाव दिले आणि वर म्हणाला, "अरे वा! परतलात?"

गुरुवारी दुपारी लिस्बेत दातांच्या डॉक्टरकडे एस्बियर्गला गेली होती. धुकं इतकं दाट होतं की खिडकीची काच पांढरी रंगवल्यासारखी वाटत होती. टोर्किल खुर्चीत बसून कुत्र्यांकडे बघत होता आणि कुत्री त्याच्या मागे बघत होती. बाहेर कुठेतरी एक गाडी थांबली. मग दार उघडलं. घंटा वाजली नाही, टकटक झाली नाही. एक उंच, वाळकी म्हातारी आत आली. तिने न बघता अंगातला कोट काढला आणि दाराजवळच्या त्या वाकड्या खिळ्याला अडकवला. तो खिळा कशासाठी वाकडा होता ते टोर्किलला तेव्हा कळलं.

ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आलास," ती म्हणाली.

टोर्किल खुर्चीतून अर्धवट उठला.

"गाडी अगदी खिडकीला घासून गेली तेव्हा कुत्री दिसली, आत बघताना. ड्रायव्हरला म्हटलं, थांबव. आमच्या आश्रमाची गाडी दर गुरुवारी फिरवून आणते आम्हाला, मेंढरांसारखी." ती पुढे झुकली. "जाडा झालास."

टोर्किलने नकळत पोट आत घेतलं.

"केसही गेले. जाऊ दे. बस, बस. पाहुण्यासारखा काय उठतोस स्वतःच्या घरात?"

स्वतःच्या घरात. बेटावर आल्यापासून हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून टोर्किलने होकायंत्र आणलं होतं, जहाज आणलं होतं, गुरांचा डॉक्टर टांगला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला पूर्ण, सबंध, पोटासकट पाहत होतं, आणि पाहत होतं ते भलत्याच माणसाला. त्याच्या अंगावर काटा आला. मारेनबाई, मी टोर्किल, चष्मेवाला, असं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"आधी माझं ऐक," मारेनबाई म्हणाल्या. "नंतर तुझं काय ते बोल. त्या दिवशी सकाळी आपलं भांडण झालं. कशावरून ते विचारू नकोस, आता आठवत नाही. तुझ्या आईवरून असेल, बहुतेक तिच्यावरूनच व्हायचं. तू इथेच, या खुर्चीत, बूट चढवत होतास. आणि माझं डोकं फिरलं. मी उठले आणि कुत्री बाहेर फिरवली. तू घरात असताना. तू उठलास, काही बोलला नाहीस, निघून गेलास. वळूनही पाहिलं नाहीस. बोट दांड्याबाहेर गेली ती गेलीच." त्यांचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते. "लोक म्हणाले वादळ. असेल वादळ. मला एवढंच सांग, नीस. कुत्री फिरवताना तू पाहिलं होतंस का?"

टोर्किलने कुत्र्यांकडे पाहिलं. जन्मभर त्याने लोकांना खरं तेच सांगितलं होतं. नंबर वाढलाय, आता गाडी चालवू नका, मोतीबिंदू आहे. माणसं रडली तरी त्याने नंबर कमी केला नव्हता. त्याला हेही कळत होतं, की खरं सांगितलं तर ही बाई उठेल, कोट घालेल, आणि तो प्रश्न पुन्हा गाडीत घालून नॉर्डबीला घेऊन जाईल.

"नाही," तो म्हणाला. "मी कुठलं बघतोय? माझी नाडी तुटली होती."

"काय तुटली?"

"बुटाची नाडी. डाव्या. सगळं लक्ष तिच्यात. खिडकीकडे पाठ होती माझी."

मारेनबाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. "आणि रागाने निघून गेलास तो?"

"नाडीवर रागावलो होतो."

"आणि वळून का नाही पाहिलंस?"

"वळलो असतो तर बूट पायातून निघाला असता," टोर्किल म्हणाला.

आधी त्यांचे ओठ हलले. मग खांदे. मग त्या हसू लागल्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "नाडीवर!" त्या म्हणाल्या. "अगं बाई, नाडीवर!" त्यांनी बाहीला डोळे पुसले. "कॉफी ठेव."

त्याने कॉफी केली. ती पातळ झाल्याचं त्यांनी सांगितलं, तरी प्याल्या. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. कोट चढवताना त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं. "चिकटवलीस कशाला रे?"

"पळून जाऊ नयेत म्हणून."

"वेडा कुठला," असं म्हणून मारेनबाई धुक्यात गेल्या.

लिस्बेत परत आली तेव्हा टोर्किल अजून खुर्चीतच होता. त्याने तिला सगळं सांगितलं, नाडीसकट. तिने दोन कप काढले, मग त्याच्या शेजारी येऊन बसली. ती कुत्र्यांकडे तोंड करून बसली होती.

"त्यांची आहेत. त्यांना देऊन टाक," ती म्हणाली.

देणार कशी? गोंद होड्यांचा. त्याने गरम पाणी घातलं, सुरी घातली, गुड्रुनबाईंच्या सल्ल्याने व्हिनेगर घातलं आणि बेकरीवाल्याच्या सल्ल्याने लोणीही चोळलं. कुत्री चकाकली, पण सुटली नाहीत. उरला एकच उपाय, कुत्र्यांसकट फळी कापायची. म्हणजे समितीचा अर्ज आला, पाहणी आली, हरकती आल्या. टोर्किल खिन्न होऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्रुनबाई दारात उभ्या. त्यांच्या हातात करवत होती.

"मी समितीच्या वतीने आलेली नाही. मला आज दिसतही नाहीये. चष्मा विसरलाय," त्या म्हणाल्या. आणि दारात उभं राहून त्यांनी कुठे कापायचं ते बारकाईने सांगितलं.

फळीचा तो तुकडा इतका जड निघाला की नॉर्डबीला तो गाडीतून आत न्यायला टोर्किलला आश्रमातल्या एका नर्सची मदत घ्यावी लागली. मारेनबाई तेव्हा केस कापून घ्यायला गेल्या होत्या. दोघांनी मिळून तो त्यांच्या खिडकीत ठेवला, तोंडं आत करून, आणि टोर्किल घरी आला. त्याच्या स्वतःच्या खिडकीत आता नुसती खाच होती. संध्याकाळी लिस्बेतने आतल्या खोलीतून काहीतरी आणलं आणि त्या खाचेत नीट बसवलं. आजोबांची पेटी होती ती, झाकण उघडलेली.

"नाहीतरी सवय झालीच आहे, कुणीतरी बघत असण्याची," ती म्हणाली. "आणि ही निदान आपली आहे."

अर्धे डोळे तिने रस्त्याकडे वळवले होते आणि अर्धे आत. कप्तान आहे की नाही यावर गावात दोन तट पडले, पण पाव मात्र दोन येऊ लागले.

पुढच्या आठवड्यात टोर्किल नॉर्डबीला गेला. मारेनबाई खिडकीशी बसून बिस्किटांच्या पुड्याच्या मागचा मजकूर वाचत होत्या, तो मुंगीएवढ्या अक्षरांतला, कुणी कधी वाचत नाही असा. त्यांच्या नाकावर चष्मा नव्हता. आसपासही कुठे नव्हता. टोर्किलच्या आतला चष्मेवाला सावध झाला. त्याने त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्याचे कान गरम झाले. या डोळ्यांना भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ सहज वाचता आली असती. समोर बसलेला माणूस कोण आहे आणि कोण नाही, हे या डोळ्यांना दाराशीच कळलं असतं.

"मारेनबाई," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला तर स्वच्छ दिसतं."

"दिसायला काय झालंय?" त्यांनी पुडा उलटा केला. "यात लोणी नाहीच मुळी. ताडाचं तेल घालतात मेले."

"मग त्या दिवशी..."

मारेनबाईंनी मान वर केली नाही. "नीसच्या बुटांना नाड्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "दर्यावर जायचे बूट. गुडघ्यापर्यंत. त्यांना कुठल्या आल्यात नाड्या?"

टोर्किलने जमिनीकडे पाहिलं.

"सगळे मला म्हणाले, विसर. पाद्री म्हणाला, डॉक्टर म्हणाला, पुतण्या तर रोज म्हणतो. एवढ्या वर्षांत नाडीचं कुणाला सुचलं नाही." त्यांनी पुडा पुढे केला. "घ्या एक. वाईट आहेत, पण घ्या."

त्याने बिस्कीट घेतलं, आणि ते तोंडापर्यंत नेताना त्याची नजर खिडकीत गेली. कुत्री बाहेर बघत होती. गोंद शाबूत होता. अख्खी फळी फिरली होती.

"ही कुणी फिरवली?"

"तो गेला ना परत," मारेनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, बायको शेजारणीला सांगते तसा. "आला, ऐकून घेतलं, आता गेला. घरी टिकणारा नव्हताच कधी. बोट दांड्याबाहेर गेल्यावर फिरली, रीतीप्रमाणे. आता काही वाटत नाही."

"पण फिरवली कुणी? नर्सने?"

"तिला विचारा."

त्याने विचारलं. नर्स म्हणाली, आम्ही हात लावला नाही, ते धूड उचलायला दोन माणसं लागली होती, तुम्हीच होतात की. मारेनबाई म्हणाल्या, माझ्याने हा पुडा फोडवत नाही, फळी कुठली हलवते?

टोर्किल बाहेर आला. धुकं पुन्हा खाली येत होतं. मारेनबाईंच्या खिडकीखालून जाताना त्याला ती दोन्ही तोंडं दिसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत होती. दोन पावलं पुढे गेल्यावर त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटली. तो खाली वाकला. वाकलेला असतानाच मागून खडीवर जड बुटांचा आवाज आला, ओल्या, उंच बुटांचा, आणि तो त्याच्या अगदी जवळून, न थांबता, बंदराच्या दिशेने निघून गेला.

टोर्किलने मान वर केली नाही. नाडीची गाठ त्याने सावकाश, दुहेरी, पक्की मारली. आवाज पार विरून जाईपर्यंत तो तसाच वाकून राहिला. मग उठला आणि घरी गेला, आणि लिस्बेतने दार उघडून "आलास" म्हटलं तेव्हा तो तिथेच उभा राहून रडला.